साडेतीन मिनिटांची क्लिप, दीड तासाचा समुद्र

१४ सप्टेंबर २०१२ची दुपार. स्पेनच्या कार्ताहेना बंदराच्या बाजूला, भर समुद्रात, सुट्टीवर निघालेल्या पर्यटकांचं एक अवाढव्य जहाज. थोड्या अंतरावर एक रबरी होडी, तिच्यात तेरा माणसं. जहाजानं किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला कळवलं आहे आणि आता सगळे मदतीची वाट बघताहेत. होडीतले लोक बघताहेत, जहाजावरचेही बघताहेत. डेकवरच्या एका पर्यटकानं कॅमेरा काढला, ३ मिनिटं ३६ सेकंदांचं चित्रण केलं आणि पुढे ते यूट्यूबवर टाकलं.

बर्लिनचे दिग्दर्शक फिलिप शेफनर यांनी त्या क्लिपचा चित्रपट केला. नाव ‘हावारी’, म्हणजे जर्मनमध्ये जहाजाचा अपघात किंवा बिघाड. लांबी ९३ मिनिटं. मात्र पडद्यावर नवं काही येत नाही. तीच साडेतीन मिनिटं दीड तासावर ताणलेली आहेत. हिशोब करून पाहा: सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर मूळ क्लिपमध्ये सुमारे ५,४०० फ्रेम होतात आणि चित्रपट ५,५८० सेकंदांचा आहे. म्हणजे साधारण सेकंदाला एक फ्रेम. निळ्या पाण्यावरचा तो काळा ठिपका थरथरतो, धूसर होतो, पुन्हा दिसतो. मध्येच कॅमेरा जहाजाकडे वळतो, रेलिंगशी उभे असलेले पर्यटक दिसतात, मग पुन्हा तो ठिपका. आवाज मात्र भरगच्च आहे: जहाज आणि बचाव केंद्र यांचं वायरलेसवरचं बोलणं, पर्यटक, खलाशी, अल्जीरियातली कुटुंबं. शेफनर आणि त्यांच्या सहलेखिका मेर्ले क्रोगर यांनी ह्या माणसांचं रीतसर चित्रीकरणही केलं होतं. पण २०१५मध्ये निर्वासितांच्या होड्यांची दृश्यं घरोघरच्या टीव्हीवर धो-धो यायला लागली, तेव्हा त्यांनी आपली दृश्यं बाजूला ठेवून फक्त आवाज वापरले. २०१६मध्ये बर्लिन महोत्सवाच्या ‘फोरम’ विभागात हा चित्रपट दाखवला गेला.

आता प्रामाणिक प्रश्न: ह्याला सिनेमा म्हणायचं? आणि दीड तास एका ठिपक्याकडे बघत कोणी का बसावं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यातून पहिल्याचं उत्तर आपोआप निघतं. नकाशावर सीमा ही रेघ असते. पण जो माणूस तिच्याशी जाऊन पोहोचतो त्याला रेघ क्वचितच दिसते. त्याच्या वाट्याला येते ती रांग, खिडकीवरची पाटी, ‘पुढच्या महिन्यात या’, एक कागद येईपर्यंत दुसऱ्या कागदाची संपलेली मुदत. व्हिसासाठी पहाटे जाऊन उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. सीमा म्हणजे मुख्यतः वेळ. कोणाला किती वाट बघायला लागते, त्यावरून कोण कुठल्या बाजूचा हे ठरतं. बातमीत हा वेळ मावत नाही. होडी दिसते, आकडा सांगितला जातो, वीस सेकंदांत क्रिकेट सुरू होतं. कथापटात नायकासाठी तो वेळ कापून टाकतात, कारण गोष्ट पुढे न्यायची असते. वेळ न कापता समोर ठेवणारा सिनेमाचा एकच प्रकार आहे, आणि त्याला सोयीसाठी ‘प्रायोगिक’ म्हणतात. ‘हावारी’ बघताना विसाव्या मिनिटाला आपल्याला घड्याळ बघावंसं वाटतं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडतो की होडीतल्या माणसांनाही हेच करायचं होतं, फक्त त्यांना उठून जायची सोय नव्हती.

ह्या प्रकाराची मराठी वाचकाला वाटते तितकी अडचण वाटायचं कारण नाही. विलंबित ख्याल ऐकताना आपण ‘पुढे काय होणार?’ असं विचारत नाही. गवई त्याच चार ओळी पाऊण तास गातो. ऐकायचं असतं ते स्वर कसा लागतो, समेवर कसा येतो. प्रायोगिक चित्रपटात कॅमेरा, प्रकाश, आवाज आणि वेळ हेच गाण्यातल्या स्वरांच्या जागी असतात. कॅनडाचे मायकल स्नो यांचा ‘वेव्हलेंग्थ’ (१९६७) हे त्याचं ठळक उदाहरण: पाऊण तासात कॅमेरा एका मोठ्या खोलीच्या ह्या टोकापासून समोरच्या भिंतीकडे झूम होत जातो आणि भिंतीवरच्या समुद्राच्या लाटांच्या फोटोपाशी थांबतो. मध्ये एक माणूस येऊन पडतो, बहुधा मरतो, पण कॅमेरा त्याच्यासाठी थांबत नाही. कंटाळवाणा आहे का? काही वेळ, हो. त्या कंटाळ्यातून पार पडल्यावर डोळे वेगळे होतात, हा माझा अनुभव; तो सगळ्यांना येतोच असं नाही आणि हॉलमधून उठून गेलेल्यांना मी कधी नावं ठेवत नाही.

‘वेव्हलेंग्थ’ला सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो बेल्जियममधल्या क्नोके गावी. हे गाव समुद्रकाठी, सुट्टीला जाण्याचं, नेदरलँड्सच्या सीमेला चिकटलेलं. बेल्जियमच्या चित्रपट संग्रहालयाचे झाक लदू यांनी भरवलेला हा प्रायोगिक चित्रपटांचा महोत्सव एकूण पाचच वेळा झाला: १९४९, १९५८, १९६३, १९६७ आणि १९७४. १९५८चा ब्रुसेल्समध्ये, जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं. शीतयुद्ध ऐन भरात होतं, आणि तिथलं पहिलं बक्षीस गेलं पोलादी पडद्यापलीकडच्या पोलंडला: वालेरियन बोरोफचिक आणि यान लेनित्सा यांच्या ‘डोम’ला, म्हणजे ‘घर’ला. त्याच स्पर्धेत वूजच्या फिल्म शाळेतल्या एका विद्यार्थ्याच्या छोट्या चित्रपटालाही पदक मिळालं. विद्यार्थ्याचं नाव रोमान पोलान्स्की. चित्रपटात दोन माणसं समुद्रातून एक भलंमोठं कपाट घेऊन बाहेर येतात. कपाटासकट त्यांना ट्राममध्ये घेत नाहीत, हॉटेलात घेत नाहीत, खाणावळीत घेत नाहीत. मार मिळतो. शेवटी ती कपाट उचलून पुन्हा समुद्रात जातात. पंधरा मिनिटं, संवाद नाहीत. निर्वासितांवर मी पाहिलेल्या अनेक सहृदय, लांबलचक चित्रपटांपेक्षा ही पंधरा मिनिटं जास्त सांगून जातात, आणि गंमत म्हणजे त्यात ‘निर्वासित’ हा विषयच नाही.

१९६३च्या क्नोकेत मात्र राडा झाला. न्यूयॉर्कहून योनास मेकास परीक्षक म्हणून आले होते आणि सोबत जॅक स्मिथ यांचा ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ होता. अश्लीलतेच्या कायद्यावर बोट ठेवून आयोजकांनी जाहीर खेळ नाकारला. मेकास यांनी परीक्षकपद सोडलं, हॉटेलच्या खोलीत गुपचूप खेळ लावले आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री मित्रांसह प्रोजेक्टरच्या खोलीवर कब्जा केला. समजूत घालायला देशाचे न्यायमंत्री स्वतः तिथे हजर! चित्रपटाचे तुकडे पडद्यावर, भिंतींवर दिसले आणि वीज तोडली गेली.

ह्या गृहस्थांचा स्वतःचा प्रवास लक्षात घ्यायला हवा. मेकास मूळचे लिथुएनियाचे. १९४४मध्ये गाव सुटलं, युद्ध संपल्यावर जर्मनीतल्या विस्थापितांच्या छावण्यांत वर्षं गेली, १९४९मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि लगेच उसने पैसे घेऊन बोलेक्स कॅमेरा विकत घेतला. १९६२मध्ये त्यांनी मित्रांबरोबर चित्रपटकारांची सहकारी संस्था काढली. आपल्याकडे त्याच दशकात सायक्लोस्टाइल करून लघुअनियतकालिकं निघत होती. प्रकाशक दारात उभा करत नाही तर आपणच छापू, हा बाणा दोन्हीकडे सारखाच. १९७१मध्ये मेकास सत्तावीस वर्षांनी गावी गेले आणि त्या भेटीचा चित्रपट केला. त्यात सीमा कुठेच दाखवलेली नाही. दृश्यं थांबत, अडखळत, उड्या मारत जातात, जणू बघणाऱ्याला नजर एका जागी ठेवायचा धीर होत नाही.

महोत्सव आणि सीमा यांचा संबंध उघडपणे सांगितला तो जर्मनीतल्या ओबरहाउजेननं. कोळसा आणि पोलादाचं हे गाव, आपल्याकडच्या एखाद्या गिरणगावासारखं. १९५४मध्ये तिथल्या प्रौढ शिक्षण केंद्राचे प्रमुख हिल्मार हॉफमान यांनी लघुपटांचा महोत्सव सुरू केला. १९५८पासून त्याचं ब्रीद होतं ‘शेजाऱ्याकडे जाणारी वाट’. शेजारी म्हणजे कोण, तर ज्यांच्याशी सरकारचं पटत नव्हतं ते: पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ. महोत्सवाला ‘लाल’ म्हणून हिणवलं गेलं. पण हे शक्य का झालं, ह्याचं साधं कारण व्यवहारातलं आहे. दहा मिनिटांच्या लघुपटाकडे सत्ता फारसं लक्ष देत नाही. तिकीटबारी नाही, नटनट्या नाहीत, वितरकाचे पैसे अडकलेले नाहीत. मोठा चित्रपट अडवायला दहा हात पुढे येतात. छोटा बगलेतून निसटतो.

कधी अक्षरशः निसटतो. इराणचे जाफर पनाही यांच्यावर चित्रपट करण्याची आणि देश सोडण्याची बंदी होती, तेव्हा त्यांनी घरातच, बरंचसं बैठकीतल्या गालिच्यावर, एक चित्रपट केला आणि त्याला नाव दिलं ‘हा चित्रपट नाही’. २०११मध्ये तो पेन ड्राइव्हवरून इराणबाहेर गेला आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. पेन ड्राइव्ह केकमध्ये लपवला होता असं सांगतात. चित्रपट गेला, दिग्दर्शक मागे राहिला. महोत्सवांची ही जुनीच कथा आहे. पडद्यावर सगळं जग येतं, पण मंचावर मात्र ज्यांना व्हिसा मिळाला तेवढेच.

चित्रपटांनाही कागदपत्रं लागतातच. रिळांच्या काळात पत्र्याच्या डब्यांवर ‘केवळ सांस्कृतिक उपयोगासाठी, व्यापारी मूल्य नाही’ असं लिहून पाठवायला लागायचं, नाही तर कस्टममध्ये डबा अडकलाच. आयुष्याची दहा वर्षं ज्या डब्यात घातली त्यावर स्वतःच्या हातानं ‘मूल्य नाही’ लिहायचं! आता डिजिटल प्रत हार्ड डिस्कवर किंवा इंटरनेटवरून येते, पण ती कुलूपबंद असू शकते. तिची किल्ली, जिला धंद्यातले लोक केडीएम म्हणतात, एका ठरावीक चित्रपटगृहाच्या सर्व्हरसाठी, ठरावीक तारखांपुरतीच चालते. मुदत संपली की पडदा काळा. व्हिसा आणि केडीएम यांची रचना इतकी सारखी आहे की एकाच कारकुनानं दोन्ही आखल्यासारखं वाटावं.

भारतात आणखी एक नाकं आहे. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायला माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट घ्यावी लागते. २००४च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी (हा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा) भारतीय चित्रपटांना प्रमाणपत्र सक्तीचं करायचा घाट घातला गेला. परदेशी चित्रपटांना ती अट नव्हती. म्हणजे आपल्याच गावात आपलाच चित्रपट परका. विरोध झाला, अट मागे घेतली गेली, पण सरकारला बोचणारे बरेच चित्रपट निवडीत गळले. मग चित्रपटकारांनी मुंबईतच ‘विकल्प’ नावानं समांतर महोत्सव भरवला. त्याच्या आदल्याच वर्षी, २००३मध्ये, शाई हेरेडिया यांनी मुंबईत ‘एक्सपेरिमेंटा’ सुरू केला. निव्वळ प्रायोगिक सिनेमाला वाहिलेला हा महोत्सव पुढे बंगळुरूला गेला.

असला सिनेमा आपल्याकडे परदेशातून आला, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. १९६०च्या दशकात मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, म्हणजे जिचं नाव काढलं की पूर आणि लसीकरण आठवतं तिथेच, प्रमोद पती आणि एस. एन. एस. शास्त्री सरकारी पैशावर भन्नाट प्रयोग करत होते. पतींचा ‘एक्सप्लोरर’ (१९६८) आज बघितला तर कुणी तरी फाइल न वाचताच सही केली असणार असं वाटतं. १९६९मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकारांची सामायिक कार्यशाळा काढली. त्यांच्या एका चित्रपटाची एकुलती एक प्रत प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि हरवली. सीमा ओलांडायला परदेशी जावं लागतंच असं नाही.

त्या कार्यशाळेतल्या सर्वांत तरुण कलावंतांपैकी एक होत्या नलिनी मालानी. जन्म १९४६, कराची. फाळणीनंतर कुटुंब भारतात आलं. १९९८च्या भारत-पाकिस्तान अणुचाचण्यांनंतर त्यांनी मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’ ह्या फाळणीवरच्या कथेवरून व्हिडिओची एक मांडणी केली. पत्र्याच्या ट्रंका उघड्या, आत टीव्हीचे पडदे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, एक इकडची, एक तिकडची, एकाच साडीची घडी घालायचा प्रयत्न करतात. साडीची घडी दोघींनी घालताना काय होतं, हे घरात पाहिलेलं असतं: टोकं जुळवायची, ताणायचं, मग चालत जवळ यायचं. इथे मध्ये प्रेक्षक उभा असतो आणि अणुस्फोट असतो. जवळ येणं होत नाही.

फाळणीवरचं माझ्या मते सर्वांत नेमकं दृश्य मात्र ऋत्विक घटकांचं. ‘कोमल गांधार’ (१९६१) हा कथापट, पण त्यातली काही सेकंदं शुद्ध प्रायोगिक आहेत. पद्मेच्या काठी, जिथे पूर्वी रेल्वे थेट पलीकडे जोडलेली होती, तिथे आता रूळ नदीशी येऊन संपतात. नायक-नायिका पलीकडच्या काठाकडे बघत बोलतात, आणि मग अचानक कॅमेरा त्या गंजलेल्या रुळांवरून धावत सुटतो. वेग वाढतो, मागे ‘दोहाई अली’चा घोष, आणि रूळ जिथे अडवलेत त्या आडव्या ठोकळ्यावर आदळून पडदा काळा होतो. माणूस नाही, संवाद नाही. पोटात मात्र काही तरी आदळतं. घटक १९६०च्या दशकाच्या मध्यावर थोडा काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, उपप्राचार्यही होते. मणी कौल आणि कुमार शहानी हे त्यांचे तिथले विद्यार्थी. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या झाडाखालच्या गप्पांतून भारतीय प्रायोगिक सिनेमाचा एक मोठा धागा निघतो.

पुढची पिढी सीमेकडे जरा वेगळ्या, कधी मिश्कील नजरेनं बघते. अमर कंवर यांचा ‘अ सीझन आउटसाइड’ (१९९७) वाघा इथे सुरू होतो. रोज संध्याकाळची पाय आपटायची कवायत आपल्याला माहीत आहे. कंवर दाखवतात ती हमालांची ये-जा. तेव्हा ट्रकना पलीकडे जायची मुभा नव्हती. डोक्यावर गोणी घेतलेले दोन्हीकडचे हमाल जमिनीवरच्या पांढऱ्या रेघेपाशी यायचे आणि ह्या डोक्यावरची गोणी त्या डोक्यावर जायची. पाय रेघेच्या आत, ओझं पलीकडे. पाकिस्तानी कलावंत बानी आबिदी यांचा ‘मँगोज’ (१९९९) तर अगदीच घरगुती. परदेशात राहणाऱ्या दोन बायका, एक भारतीय, एक पाकिस्तानी, शेजारी बसून आंबे खातात, लहानपणच्या आठवणी काढतात. मग आमच्याकडे जाती किती आणि तुमच्याकडे किती, ह्यावर येतात आणि वातावरण तापतं. दोन्ही भूमिका आबिदी यांनीच केल्यात. देवगड की रत्नागिरी ह्यावरून बिघडलेली जेवणं ज्यांनी पाहिलीत त्यांना तळटीप लागणार नाही.

ह्या सगळ्यात एक खोट आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ‘हावारी’ बघायला बर्लिनमध्ये तिकीट काढून बसणारा प्रेक्षक हा त्या जहाजाच्या डेकवरचाच माणूस आहे, अंतरावरून बघणारा. शांताल आकेरमान यांनी २००२मध्ये मेक्सिको-अमेरिका सीमेवर चित्रपट केला. सान दिएगोकडची वाट १९९४पासून बंद करत आणली गेली होती आणि माणसं ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे ढकलली जात होती. कुंपणाकडेनं सरकणारी लांबच लांब दृश्यं, आणि शेवटाकडे हेलिकॉप्टरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून रांगेत चालणारी पांढरी ठिपक्यांसारखी माणसं. आपण ते बघतो तेव्हा पहारेकऱ्याच्याच डोळ्यांनी बघतो. आकेरमान ही अडचण सोडवत नाहीत, आपल्या अंगावर टाकतात. अमेल अल्झाकूत आणि खालेद अब्दुलवाहेद यांचा ‘पर्पल सी’ (२०२०) मात्र बाजू बदलतो. २०१५मध्ये लेस्बोस बेटाजवळ बोट बुडाली तेव्हा पाणी न शिरणारा कॅमेरा अल्झाकूत यांच्या मनगटाला बांधलेला होता. त्यामुळे इथे क्षितिज नाही, होडीचा ठिपका नाही. पाय, लाइफ जॅकेटं, पाण्याखालचा प्रकाश, आणि अधूनमधून वर हेलिकॉप्टरचा आवाज. ‘हावारी’ आणि हा, दोन्ही लागोपाठ बघता आले तर बघावेत. पण एका दिवशी नको.

आपल्याकडे सीमेला शब्द भरपूर: वेस, शीव, बांध, हद्द. ‘सीमाप्रश्न’ म्हटलं की बेळगाव आठवतं आणि आवाज चढतो. पण मुंबईच्या लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन शीव’ ऐकून कुणी मान वर करत नाही. एके काळी ती खरोखर शीव होती, इंग्रजांचं मुंबई बेट तिथे संपायचं आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. टेकडीवर किल्ला अजून आहे. आज तिथे फक्त दारात लटकणाऱ्यांची हद्द असते.

पोलंड आणि चेक प्रजासत्ताक यांच्यामध्ये ओल्झा नदी आहे आणि तिच्या दोन काठांवर एकच गाव, १९२०मध्ये दोन देशांत वाटलेलं: इकडे चेशिन, तिकडे चेस्की तेशिन. १९९९पासून तिथे ‘सीमेवरचा सिनेमा’ नावाचा महोत्सव भरतो, काही खेळ ह्या काठावर, काही त्या. हा काही प्रायोगिक महोत्सव नव्हे, पण त्याची रचनाच एक प्रयोग आहे: एका चित्रपटाहून दुसऱ्याला जायचं तर पुलावरून देश बदलायचा. पहिली काही वर्षं पुलावर पासपोर्ट दाखवावा लागे, म्हणजे तपासणीला रांग असेल तर सुरुवातीची दृश्यं हुकणार. डिसेंबर २००७मध्ये तपासणी उठली आणि पूल नुसता पूल झाला. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे तो पुन्हा बंद झाला. तेव्हा पोलंडच्या काठावर कुणी तरी एक मोठं फडकं टांगलं: ‘चेका, तुझी आठवण येते.’ थोड्याच दिवसांत समोरच्या काठावर उत्तर लागलं: ‘आणि मला तुझी, पोला.’ तेही पोलिश माणसाला कळेल अशा, तिथल्या बोलीत लिहिलेलं.